मामाआजोबांना मानवंदना : साताऱ्याची नोंद, इंदूरचे घर आणि १६ डिसेंबर

१९७१ च्या युद्धात कामी आलेल्या आपल्या माणसाचे नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात नेमके कुठे कोरले आहे, त्याच्या नावाने तिथे पुष्पचक्र वाहता येते का, आणि १६ डिसेंबरला, विजय दिवशी, आपल्याच वस्तीत चार माणसांनी जमून मानवंदना द्यायची झाल्यास परवानगी कोणाकडे मागायची, हे सगळे प्रश्न आमच्या घरात ऑगस्ट २०२३ मध्ये एकदम उभे राहिले. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत डिसेंबर २०२४ उजाडला. सगळी वाट एके ठिकाणी लिहिलेली आम्हाला सापडली नाही, म्हणून तारखा, खर्च आणि खोळंबे यांसकट ती इथे मांडते आहे.

ज्यांच्यासाठी ही खटपट केली ते माझ्या आईचे सख्खे मामा. सातारा जिल्ह्यातल्या एका लहान गावचे. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे १७६८ साली उभ्या राहिलेल्या जंगी पलटणीत लान्स नाईक. डिसेंबर १९७१ मध्ये ही पलटण तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती, आणि जमालपूरच्या ठाण्यात ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण कोंडली गेली होती. ९५ माउंटन ब्रिगेडचे ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी १० डिसेंबरला शरण येण्याविषयी पत्र पाठवले. लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी नकाराचे उत्तर बंदुकीच्या गोळीभोवती गुंडाळून परत धाडले, आणि त्याच रात्री त्यांची पलटण वेढा फोडण्यासाठी मराठ्यांच्या मोर्चांवर चालून आली. तो हल्ला मोडून काढला गेला आणि ११ तारखेला जमालपूर पडले. मामाआजोबा त्या रात्रीत गेले. त्यांची मुलगी, म्हणजे माझी मावशी, तेव्हा पुरती दोन वर्षांचीही नव्हती.

मामीआजी लेकीला घेऊन इंदूरला आली, कारण तिचा भाऊ हुकुमचंद मिलमध्ये कामाला होता. पेन्शनही मग इंदूरच्याच बँकेत सुरू झाली. ती २०११ साली वारली. मावशीचे लग्न झालेले होते, त्यामुळे पेन्शन तिथेच थांबली आणि कोणत्याही कार्यालयाशी आमचा संबंध उरला नाही. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या मोहिमेत देशभर गावोगावी वीरांच्या नावांचे शिलाफलक बसवले गेले, तेव्हा एका दूरच्या नातलगाने मूळ गावच्या फलकाचे छायाचित्र पाठवले. त्यावर मामाआजोबांचे नाव नव्हते. यात कोणाची खोडी नव्हती. गावात आमचे घर उरलेले नाही आणि सांगणारे कोणी नव्हते. मावशी मात्र दोन दिवस गप्प होती, आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, “तू कागदपत्रांतली आहेस ना, मग शोध. बाबांचं नाव कुठंतरी असेलच की.”

सप्टेंबरात आम्ही इंदूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथे नाव सापडले नाही, आणि न सापडणेच बरोबर होते. जवानाची नोंद भरतीच्या वेळी दिलेल्या घरच्या पत्त्यावरून होते. मामाआजोबांचा पत्ता साताऱ्याचा, म्हणजे जिल्हा कार्यालयही साताऱ्याचे. कुटुंब नंतर कुठे राहायला गेले याने मूळ नोंद हलत नाही. ज्यांची आधीची पिढी महाराष्ट्रातून इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याला आली आहे, त्यांनी ही गोष्ट आधीच ध्यानात घेतली तर बराच वेळ वाचेल. उलटही घडते. इंदूर संस्थानच्या पायदळाची पुढे १५ कुमाऊँ झाली आणि ग्वाल्हेरच्या चौथ्या पायदळाची १४ कुमाऊँ, म्हणून होळकरांच्या किंवा शिंद्यांच्या फौजेतून पुढे भारतीय सैन्यात गेलेल्या मराठी माणसाचा शोध मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बेळगावला न लागता कुमाऊँ रेजिमेंटच्या राणीखेतला लागू शकतो.

त्या कार्यालयातले एक निवृत्त हवालदार आमचे बोलणे शांतपणे ऐकून म्हणाले, “दीदी, पहले नंबर लाइए. नाम से फौज में कुछ नहीं मिलता.” या सगळ्या प्रवासात मिळालेला हा सर्वांत उपयोगी सल्ला होता. एकाच पलटणीत एकाच नावाचे आणि आडनावाचे अनेक जण असतात. सेवा क्रमांक मात्र एकाचाच.

नंबर शोधायला आम्ही मामीआजीची पत्र्याची पेटी उघडली. तिच्यात १९७१ ची तार होती. कागद चार घड्यांचा, पिवळा पडलेला, आणि घडी नेमकी सेवा क्रमांकावरून गेलेली. शेवटचे दोन आकडे घडीबरोबर झिजून गेले होते. भिंगाने, मोबाइलच्या उजेडात, तिरपा धरून, सगळ्या तऱ्हेने पाहिले. एक आकडा तीन असावा की आठ यावर घरात दोन पक्ष पडले. शेवटी उपयोगी पडले ते पेन्शनचे पासबुक. त्याच्या पहिल्या पानावर कोणा कारकुनाने हाताने पीपीओ क्रमांक लिहून ठेवला होता. पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. त्यावर जवानाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि अभिलेख कार्यालय हे सगळे असते. त्याची बँकेकडची प्रत मिळवणे सोपे गेले नाही, कारण शाखा मधल्या काळात दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि जुन्या फायली गोदामात होत्या. शाखेत तोंडी विचारले की “नाही” असेच उत्तर मिळे. लेखी अर्ज देऊन त्यावर पोच घेतल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस छायाप्रत हातात आली. आकडा आठ होता.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अभिलेख कार्यालयाला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. पत्र एका पानाचे ठेवले : वर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण, खाली अर्जदाराचे नाते, आणि मागण्या दोनच, एक म्हणजे युद्धात वीरगती आल्याचे, ज्याला सैन्यात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात ते प्रमाणपत्र, आणि दुसरी, निकटची नातलग म्हणून मुलीच्या नावाची व पत्त्याची नोंद. सोबत तार, पीपीओ, मामीआजीचा मृत्यूचा दाखला आणि मावशीचे आधार कार्ड यांच्या प्रती जोडल्या. भावना व्यक्त करणारा एक लांब परिच्छेद मी आधी लिहिला होता, तो मावशीनेच खोडला. “साहेबाला काम करायचंय, रडायचं नाही,” ती म्हणाली.

उत्तर मार्च २०२४ मध्ये आले. मधल्या काळात मी फोन करत राहिले. पण खरे सांगायचे तर फोनने काही पुढे सरकले असे मला वाटत नाही, पोचपावतीच्या क्रमांकासह पाठवलेल्या एका स्मरणपत्राने सरकले असावे. उत्तरात अडचण एकच होती. किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे जवानाच्या कुटुंबीयांच्या यादीत, मुलीचे नाव होते, पण ते बारशाचे. शाळेच्या दाखल्यावर नाव वेगळे, लग्नानंतरचे आणखी वेगळे. तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे शपथपत्र, शाळा सोडल्याचा दाखला आणि विवाहाचा पुरावा त्यांनी मागितला. स्टँप, टायपिंग आणि नोटरी मिळून साधारण सहाशे रुपये गेले. नोटरीकडे जाताना दोन साक्षीदार सोबत न्यावेत, आणि शपथपत्रातली स्पेलिंग आधारवरच्या अक्षरांशी ताडून मगच सही करावी. आमच्या टायपिस्टने आडनावातले एक अक्षर गाळले होते आणि ते मावशीच्या नातीच्या लक्षात आले. मराठी शपथपत्र तिथे चालले असते की नाही हे विचारत बसण्यापेक्षा आम्ही इंग्रजीतच केले.

जुलैत प्रमाणपत्र आले. त्यावर मृत्यूची तारीख ११ डिसेंबर १९७१ अशी होती, आणि तिने घरात वेगळाच प्रश्न उभा केला. मामीआजीला खरी तारीख कधी कोणी नीट सांगितलीच नसावी, कारण ती आयुष्यभर तार आली त्या दिवसाची तिथी धरून श्राद्ध करत आली. आमच्या गुरुजींनी पंचांगावरून नवी तिथी काढून देण्याची तयारी दाखवली. मावशी म्हणाली, “आईला कळलं त्या दिवशीच ते तिच्यासाठी गेले. तिने धरली तीच तिथी राहील.” सरकारी कागदावर ११ तारीख आणि घरी जुनी तिथी, अशी ती व्यवस्था अजून चालू आहे, आणि मला तिच्यात काही चूक दिसत नाही.

प्रमाणपत्राची प्रत मूळ गावी पाठवली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नाव जोडण्याचा ठराव झाला. तो भाग इतका सरळ पार पडला की त्यावर लिहिण्याजोगे काही नाही.

दिल्लीचे काम समांतर चालले होते. राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या जवानांची नावे तिथे आहेत; उद्घाटनाच्या वेळी ती २५,९४२ होती. इंडिया गेटच्या कमानीवरची नावे वेगळी, ती मुख्यतः पहिल्या महायुद्धातल्या आणि १९१९ च्या अफगाण युद्धातल्या सैनिकांची. १९७१ च्या जवानाचे नाव तिथे शोधू नये. स्मारकाच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. आम्हाला आधी ते सापडेना, कारण आम्ही आडनाव आज लिहितो त्या स्पेलिंगने शोधत होतो आणि नोंदीत ते भरतीच्या वेळी लिहिले तसे होते. आडनाव सोडून नुसते पहिले नाव घालून, आलेल्या यादीत क्रमांक ताडून पाहिल्यावर मामाआजोबा सापडले. मावशीने पडद्यावरची ती ओळ वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

स्मारकात रोज संध्याकाळी रिट्रीटच्या, म्हणजे दिवसअखेरच्या लष्करी सोहळ्याच्या, आधी एका वीराच्या निकटच्या नातलगांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते, हे आम्हाला बेळगावच्या पत्रव्यवहारातून कळले. मावशीच्या नावाची नोंद झालेलीच होती, त्यामुळे ऑगस्टमध्ये एका साध्या अर्जाने विनंती पाठवली आणि ११ डिसेंबर ही तारीख मागितली. १६ तारीख मुद्दामच मागितली नाही. विजय दिवशी तिथे सरकारी आणि लष्करी मानवंदना असते, बंदोबस्त कडक असतो आणि वयस्कर माणसाची ओढाताण होते. नोव्हेंबरात फोन आला. १२ डिसेंबर, गुरुवार, मिळाला.

इंदूरहून दुपारच्या मालवा एक्सप्रेसने निघालो. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या पुढे धुके असते आणि गाडी हमखास रखडते, म्हणून आम्ही एक दिवस आधीची तिकिटे काढली होती आणि ते बरेच झाले. गाडी पहाटेऐवजी ऊन वर आल्यावर पोचली. तिघांचे जाण्यायेण्याचे तिकीट, दोन रात्रींचे राहणे आणि रिक्षा मिळून अठरा हजारांच्या आसपास खर्च आला. स्मारकात प्रवेशाला पैसे पडत नाहीत. वाहन बरेच अलीकडे सोडावे लागते आणि आत चालणे आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी आणि फोनवर बोललेल्या अधिकाऱ्यांना तसे आधी सांगून ठेवावे. थंडीचे म्हणाल तर इंदूरचा स्वेटर दिल्लीच्या संध्याकाळी पुरत नाही.

कार्यक्रमापूर्वी एक तरुण जवान आम्हाला त्यागचक्रात घेऊन गेला. चक्रव्यूहासारख्या गोल भिंतींची ही रचना आहे आणि प्रत्येक जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची स्वतंत्र वीट आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरे. मामाआजोबांची वीट माझ्या खांद्याच्या उंचीवर होती, म्हणजे मावशीच्या डोळ्यांसमोर. डावीकडची आणि उजवीकडचीही जंगी पलटणीचीच. मावशीने आधी ती दोन नावे वाचली, मोठ्याने, अडखळत, आणि मग वडिलांच्या नावावर तर्जनी ठेवून एकेक अक्षर गिरवले. अक्षरांत थोडी धूळ होती. तिने पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि ती काढली. जवान काही बोलला नाही, फक्त घड्याळाकडे पाहिले, कारण वेळ जवळ आली होती.

प्रत्यक्ष समारंभ फार थोडा वेळ चालतो. अमर चक्रातल्या स्तंभापाशी नेतात, पुष्पचक्र दोघा जवानांच्या हाती असते आणि नातलगाने त्याला हात लावून ते ठेवायचे असते. बिगुल वाजते, सगळे स्तब्ध उभे राहतात. पावले कशी टाकायची हे आधी समजावून सांगतात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मावशी ठरल्यापेक्षा जास्त वेळ वाकून राहिली आणि कोणीही तिला घाई केली नाही.

१६ डिसेंबरची मानवंदना इंदूरला आमच्या वसाहतीच्या बागेत ठरवली होती. बाग महापालिकेची, त्यामुळे झोन कार्यालयात वसाहतीच्या लेटरहेडवर अर्ज दिला : तारीख, सकाळी ८ ते ९, अंदाजे साठ माणसे, मंडप नाही, लाउडस्पीकर नाही. शेवटच्या दोन शब्दांनी काम हलके केले, कारण लाउडस्पीकर असता तर पोलीस परवानगीचीही फाइल वेगळी फिरवावी लागली असती. एका सद्गृहस्थांनी झेंडा अर्ध्यावर उतरवण्याची सूचना केली; ती आम्ही नम्रपणे बाजूला ठेवली, कारण ध्वज अर्ध्यावर आणणे सरकारच्या आदेशाने होते, कोणी स्वतःहून ठरवायचे नसते. बंदुकीची सलामी मागण्याच्या भानगडीतही आम्ही पडलो नाही.

पुष्पचक्र फूलवाल्याकडून आदल्या दिवशी करून घेतले, चौदाशे रुपये. त्याला लग्नाच्या सजावटीची सवय, म्हणून पहिल्या खेपेस त्याने चमकीची किनार लावली. ती काढून नुसता झेंडू आणि हिरवी पाने ठेवायला सांगितली. बिगुलवादक महूचे निवृत्त नायक होते. त्यांची ओळख सैनिक कल्याण कार्यालयातल्या त्याच हवालदारांनी करून दिली. क्रम त्यांनीच लावून दिला : पुष्पचक्र, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ ही निरोपाची धून, दोन मिनिटे स्तब्धता, मग ‘राउज’ ही जागे करणारी धून. मध्ये भाषण नको, असे त्यांनी बजावले होते. मी मामाआजोबांविषयी आणि जमालपूरविषयी एक पान वाचले, तेही सगळे झाल्यानंतर. माणसे चाळीसच आली, सोमवार सकाळ होती. पण स्तब्धतेत शेजारच्या रस्त्यावरचा दूधवालाही मोटारसायकल बंद करून उभा राहिला हे मी पाहिले.

या वर्षी वसाहतीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका मुलांना घेऊन येऊ म्हणतात. संख्या वाढली तर झोन कार्यालयाचा अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात द्यावा लागेल, आणि मुलांसाठी पाण्याची सोय दाखवावी लागेल. मावशीची अट एकच आहे, पाहुणा बोलवायचा नाही. बोलावला की तो बोलणार, आणि तो बोलला की बिगुल नऊच्या आत होत नाही.